ऋतूंची वही

मुलांनो, सकाळी शाळेला निघताना आई बळेबळे स्वेटर घालायला लावते आणि दुपारी शाळा सुटल्यावर तोच स्वेटर कमरेला बांधून, घाम पुसत तुम्ही घरी येता. असे दिवस वर्षातून कधी येतात, सांगा पाहू?

बरोबर! माघ संपत आला आणि फाल्गुनाची चाहूल लागली की हे दिवस येतात. पहाटे गोधडीतून बाहेर यावेसे वाटत नाही आणि दुपारी बारा वाजता चिऱ्याच्या पायरीवर अनवाणी पाय ठेववत नाही. एके दिवशी वाशिष्ठीवर इतके दाट धुके, की पुलाचे पलीकडचे टोक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आभाळ कसे लख्ख! तिसऱ्या दिवशी सकाळपासून मळभ, आणि आजी कलमाकडे पाहत पुटपुटते, "आता मोहोराचं काही खरं नाही बाई!"

मग याला हिवाळा म्हणायचे की उन्हाळा? पंचांग उघडून पाहाल तर माघ आणि फाल्गुन हे शिशिर ऋतूचे महिने. वसंत यायचा तो चैत्रात. पण पांगारा काही पंचांग वाचत नाही! चैत्राला अजून अवकाश असतो, अंगावर धड पान नसते, आणि हा पठ्ठ्या लालभडक फुलून उभा! म्हणजे घंटा झाल्यावर गुरुजी वर्गात येतात, तसा वसंत ठरल्या वेळी येत नाही. तो आधी दाराआडून डोकावतो, पळून जातो, पुन्हा येतो. त्याची ही लपाछपी पाहायची तर घराबाहेर पडायला हवे. आणि पाहिलेले लक्षात राहायला हवे असेल, तर ते त्याच दिवशी लिहून ठेवायला हवे. आज आपण या दोन गोष्टींबद्दलच बोलणार आहोत.

निबंधातला वसंत आणि खरा वसंत

परीक्षेत 'माझा आवडता ऋतू' हा निबंध आला की चाळीस वह्यांत जवळजवळ एकच मजकूर असतो. वसंत हा ऋतूंचा राजा आहे. कोकिळा आंब्यावर बसून कुहूकुहू गाते. सृष्टी हिरवा शालू नेसते. वह्या तपासताना मला दरवेळी प्रश्न पडतो, की या चाळीस जणांपैकी गाणारी कोकिळा पाहिली तरी कोणी? कारण गातो तो नर, म्हणजे कोकीळ, बरं का! तो काळा कुळकुळीत, डोळे लालबुंद. मादी तपकिरी रंगाची, अंगभर पांढरट ठिपके. ती कुहू करीत नाही, नुसती 'किक् किक्' ओरडते.

आणि हिरवा शालू? तो आपल्याकडे श्रावणात! फाल्गुनात चिपळूणच्या भोवतालचे डोंगर पाहा. गवत वाळून पिवळे पडलेले, कातळ तापलेला, सवतसड्याचा पावसाळी धबधबा गप्प झालेला. आणि या सगळ्या पिवळ्या-करड्या रंगात मध्येच काटेसावरीची लाल फुले, पांगाऱ्याचे लाल तुरे, कोशिंबाची तांबूस पालवी. हा आपला खरा वसंत. तो हिरवा नाही, तांबडा आहे! गाईडातल्या निबंधात तो तुम्हाला सापडायचा नाही.

हवेला झाले तरी काय?

या दिवसांत हवा अशी चंचल का होते, ते आधी समजून घेऊ.

२२ डिसेंबरच्या सुमारास आपल्याकडे दिवस सर्वात लहान असतो. चिपळूणला तो साधारण ११ तासांचा भरतो. त्यानंतर तो रोज थोडा थोडा वाढतो आणि २१ मार्चच्या सुमारास १२ तासांचा होतो. सूर्य जास्त वेळ आणि जास्त डोक्यावर तळपू लागतो, त्यामुळे दुपारी जमीन चांगलीच तापते. पण आकाश निरभ्र असते. रात्री जमिनीतली उष्णता अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते, म्हणून पहाटेपर्यंत जमीन झपाट्याने थंड होते. दुपार उन्हाळ्याची आणि पहाट हिवाळ्याची, असा हा कारभार!

दुसरी गंमत वाऱ्याची. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकलात ना? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडचा, म्हणजे सह्याद्रीपलीकडून येणारा कोरडा वारा जोर धरतो. मग समुद्राकडचा गार वारा उशिरा पोहोचतो आणि कोकणात पारा एकदम चढतो. उलट, उत्तर भारतातून पश्चिमी विक्षोभ नावाची वादळी हवा पुढे सरकली, की तिच्यामागून उत्तरेचे थंड वारे खाली उतरतात आणि गेलेली थंडी दोन दिवसांसाठी परत येते. म्हणून आज पंखा आणि उद्या गोधडी!

चंचलपणा हा या दिवसांचा स्वभावच आहे. तरी अलीकडे तो थोडा जास्तच वाढल्याचे मोठी माणसे म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचाही आधार आहे. हवामान खात्याकडे १९०१ सालापासूनच्या साऱ्या देशाच्या तापमानाच्या नोंदी आहेत. त्या नोंदींत २०२२ चा मार्च तोपर्यंतचा सर्वात उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीने आधीच्या सगळ्या फेब्रुवारींना मागे टाकले. पाहा हं, हे आज आपण सांगू शकतो, कारण शंभर-सव्वाशे वर्षे कोणीतरी रोज नेमाने पारा पाहून आकडे लिहीत होते.

दुर्गाबाईंचे बारा महिने

आता तुम्हाला एका लेखिकेची ओळख करून देते. त्यांचे नाव दुर्गा भागवत. जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. आयुष्याचा बहुतेक काळ त्या मुंबईत राहिल्या. लोककथा, लोकगीते, आदिवासींचे जीवन यांचा त्यांनी खूप अभ्यास केला. त्यासाठी त्या मध्य प्रदेशातल्या रानावनांत हिंडल्या. तिथे खाण्यात आलेल्या विषारी सुरणामुळे त्यांना विषबाधा झाली आणि पुढची काही वर्षे आजारपणात गेली. तरी त्यांचे वाचन, लेखन आणि झाडापानांचे वेड सुटले नाही. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. एक बहीण प्रयोगशाळेत, दुसरी रानात आणि ग्रंथालयात. दोघींचे काम शेवटी एकच, नीट पाहणे आणि नीट लिहिणे!

१९५६ साली दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मराठी महिने एकामागून एक घेऊन, त्या त्या महिन्यात झाडे, पाने, फुले, पाखरे, आकाश, पाणी यांत काय काय बदलते, ते त्यांनी त्यात लिहिले आहे. तुम्ही म्हणाल, मुंबईत राहणाऱ्या बाईंना एवढे झाडांचे काय दिसणार? तिथेच तर खरी गोष्ट आहे. रस्त्याकडेच्या झाडाची पालवी रोज एका रंगाने बदलते, हे त्याच रस्त्याने जाणाऱ्या हजारो माणसांना दिसत नाही. ती पाहणारी नजर दुर्गाबाईंकडे होती. चिपळूणसारख्या ठिकाणी तर डोंगर, नदी, खाडी सगळे दाराशी आहे. आपल्याला सबब सांगायला जागाच नाही!

'ऋतुचक्र'ची भाषा थोडी जड वाटेल, पण आठवी-नववीतल्या मुलांनी एकेक महिना जरूर वाचावा. जो महिना चालू असेल, तोच प्रकरण वाचायचा. वाचून झाले की बाहेर जाऊन पडताळून पाहायचे.

दुर्गाबाई पुढे १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. ७ मे २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी एका परदेशी लेखकाचे पुस्तकही मराठीत आणले. 'वॉल्डनकाठी विचारविहार' हे त्या अनुवादाचे नाव. तो मूळ लेखक म्हणजे अमेरिकेतला एक अजब माणूस! आता त्याच्याकडे जाऊ.

वॉल्डनकाठचा पेन्सिलवाला

हेन्री डेव्हिड थोरो हे त्याचे नाव. जन्म १८१७ सालचा, अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड या छोट्या गावचा. त्याच्या घरचा धंदा पेन्सिली बनवण्याचा होता. हेन्रीही त्या कामात पटाईत होता, आणि घरची पेन्सिल अधिक चांगली कशी होईल यासाठी त्याने खटपट केली. म्हणजे लिहिण्याचे साधन घरचेच!

१८४५ साली तो गावाजवळच्या वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी, स्वतः बांधलेल्या झोपडीत राहायला गेला. दोन वर्षे आणि वर दोन महिने तिथे राहिला. त्या अनुभवावरचे 'वॉल्डन' हे पुस्तक १८५४ साली निघाले. गांधीजींनी ज्याचे विचार वाचले आणि ज्याच्याबद्दल आदराने लिहिले, तो थोरो हाच बरं का.

हा माणूस रोज निदान चार तास पायी भटकायचा. पाऊस असो, बर्फ असो, चिखल असो! त्याच्या हातातल्या काठीवर मोजपट्टीसारख्या खुणा होत्या. काही दिसले की काठीने माप घ्यायचे. मिळालेली फुलेपाने तो चक्क टोपीत ठेवायचा. आणि घरी आला की वही! वयाच्या विसाव्या वर्षी, १८३७ साली त्याने वही लिहायला सुरुवात केली आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत लिहिली. त्या वह्यांत मिळून सुमारे २० लाख शब्द भरतात. वयाच्या ४४ व्या वर्षी, १८६२ साली, तो वारला.

त्याच्या गावचा वसंतही आपल्यासारखाच लहरी. तिथे हिवाळ्यात तळे गोठते आणि वसंत आला की बर्फ वितळून पाणी मोकळे होते. ते कोणत्या तारखेला, हे थोरोने लिहून ठेवले. १८५२ साली तळे १८ एप्रिलला मोकळे झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, १८५३ साली, २३ मार्चला! मोजा पाहू किती दिवसांचा फरक पडला? २६ दिवसांचा! एका वर्षावरून 'आमच्याकडे वसंत अमुक तारखेला येतो' असे सांगणारा कसा फसेल, ते यावरून कळते. पुष्कळ वर्षे लिहावे, तेव्हा ऋतूचा खरा स्वभाव उमगतो.

थोरोचे मित्र इमर्सन यांनी एक मजेची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. थोरोला वाटायचे, की आपल्याला कोणी गाढ झोपेतून दलदलीच्या रानात उठवले, तर नुसत्या झाडाझुडपांकडे पाहून आपण वर्षातला दिवस सांगू, आणि चुकलोच तर दोन दिवसांनी चुकू! तुम्हाला जमेल असे? निदान महिना तरी?

दीडशे वर्षांनी वह्या उघडल्या

१८५२ ते १८५८ या वर्षांत थोरोने कॉन्कॉर्डमधल्या शेकडो झाडांची पहिली फुले कोणत्या तारखेला उमलली, याचे तक्ते केले. तेव्हा गावातल्या लोकांना हा रिकामटेकडा उद्योग वाटला असेल. पण एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी या शास्त्रज्ञांनी ते तक्ते घेतले आणि त्याच गावात जाऊन तीच झाडे पुन्हा पाहिली. काय आढळले? तिथे नेहमी दिसणारी ४३ झाडे-झुडपे पूर्वीपेक्षा सरासरी ७ दिवस लवकर फुलू लागली होती. काही तर तीन-तीन आठवडे आधी! गाव तापले होते, आणि ते कुठल्या यंत्राने नव्हे, तर एका भटक्या लेखकाच्या वहीने सांगितले.

जपानमध्ये तर याहून जुनी गोष्ट आहे. क्योटो शहरात चेरीचा बहर केव्हा आला, याच्या नोंदी राजघराण्यातल्या आणि मठांतल्या लोकांच्या रोजनिश्यांतून मिळतात. त्या बाराशे वर्षे मागे जातात! त्यांनी काही हवामानाचा अभ्यास म्हणून लिहिले नव्हते. ते चेरी पाहायला सहलीला जायचे आणि घरी येऊन 'आज फुले पाहिली' असे लिहायचे, एवढेच. त्या साऱ्या नोंदी जुळवल्यावर कळले, की २०२१ साली २६ मार्चला आलेला भर बहर हा तोपर्यंतच्या बाराशे वर्षांतला सर्वात लवकरचा होता.

चला, बाहेर पडू!

आता आपल्या गावाकडे वळू. या दिवसांत रविवारी सकाळी, उन्हे तापायच्या आत, घरातल्या मोठ्या माणसांबरोबर कुठे जाता येईल?

पहिली फेरी परशुरामाच्या डोंगराची. वरून वाशिष्ठीचे वळण सुरेख दिसते. धुके असेल तर ते नदीवरून कसे उठते आणि किती वाजता विरते, ते घड्याळ लावून पाहा. वाटेवर करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या असतात. मे महिन्यात करवंदांवर तुटून पडता ना? मग त्यांची फुले एकदा तरी हुंगून पाहा! काटेसावर फुललेली असेल तर खाली पाच मिनिटे गप्प उभे राहा आणि किती प्रकारचे पक्षी येतात ते मोजा. मैना, बुलबुल, कावळे, इवलासा सूर्यपक्षी. लाल फुलांतला मध हा त्यांचा नाश्ता. दूरवर कोणी तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखे 'टुक् टुक्' ऐकू आले तर तो तांबट.

दुसरी फेरी गोवळकोटची. किल्ल्यावरून खाडी दिसते. इथपर्यंत समुद्राची भरती येते, म्हणून सकाळी पाहिलेले पाणी आणि दुपारी पाहिलेले पाणी सारखे नसते. शिवाय पोफळीला कोयनेच्या पाण्यावर वीज तयार झाली की ते पाणी वाशिष्ठीत येते, म्हणून भर उन्हाळ्यातही आपली नदी वाहती असते. एक मात्र लक्षात ठेवा. या पाण्यात मगरी आहेत. काठापासून लांब, वरूनच पाहायचे. मोठ्यांना सोडून पाण्याजवळ कोणीही जायचे नाही!

तिसरी फेरी जरा लांबची, मंडणगड तालुक्यातल्या वेळासची. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. आपल्या चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली गावकऱ्यांच्या मदतीने ती अंडी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारीपासून पुढे पिल्ले बाहेर येऊ लागतात. इथेही हवेचा खेळ आहे. वाळू किती तापली आहे, यावर पिल्लू नर होणार की मादी, ते ठरते. जास्त तापलेल्या वाळूत माद्या जास्त!

आणि हे काही जमले नाही, तर चौथी फेरी आहेच, अंगणातली. फणसाच्या बुंध्यावर कुयऱ्या किती लागल्या? काजूला आधी बी दिसते की आधी बोंडू? (उत्तर मी सांगणार नाही. जाऊन पाहा!) पिंपळाची नवी पालवी पहिल्या दिवशी कोणत्या रंगाची आणि आठव्या दिवशी कोणत्या? खिडकीतून दिसणारे एक झाडही वर्षभर पुरते.

मोहोराची परीक्षा

आपल्याकडे या चंचल हवेकडे सगळ्यात काळजीने कोण पाहते? आंबेवाले! रात्री थंड झाल्या की कलमांना मोहोर फुटतो. एकेका तुऱ्यात शेकडो बारीक फुले असतात, पण आंबे धरतात ते मोजकेच. मोहोरापासून आंबा तयार व्हायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात. एवढे दिवस झाडाची जणू परीक्षाच चालू असते.

मळभ आले की तुडतुडे वाढतात. ते मोहोरातला रस शोषतात. त्यांच्या अंगातून गोड चिकट द्रव पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि पाने काजळल्यासारखी दिसतात. दमट हवेत भुरी आणि करपा हे रोग येतात. बरे, थंडी चांगली म्हणावी तर तीही वेळेवर हवी. कैऱ्या धरू लागल्यावर पुन्हा कडाक्याची थंडी पडली तर झाड त्याच तुऱ्यांना नव्याने मोहोर काढते आणि आधी धरलेल्या बारक्या कैऱ्या गळून पडतात. याला पुनर्मोहोर म्हणतात. आजी मळभाकडे पाहून का पुटपुटते, ते आता कळले ना? कित्येक घरांची वर्षाची मिळकत, कोणाची फी, कोणाचे लग्न, त्या मोहोरावर अवलंबून असते.

आमच्या शाळेच्या आवारात एक आंबा आहे. एका वर्षी वर्गात वाद झाला. काही मुले म्हणाली, यंदा मोहोर उशिरा आला. काही म्हणाली, छे, गेल्या वर्षी याच सुमारास आला होता. प्रत्येकाला आपलेच खरे वाटत होते, पण लिहिलेले कोणाकडेच नव्हते. मग आम्ही वर्गाची एक वही घातली. पुढच्या वर्षी तोच वाद निघाला तेव्हा एक मुलगी उठली, कपाटातून वही काढली आणि तारीख वाचून दाखवली. वाद एका मिनिटात मिटला! त्या दिवसापासून वही लिहायला आमच्या वर्गात चढाओढ असते.

वही कशी लिहायची?

शंभर पानी साधी वही पुरे. नियम थोडेच आहेत.

पहिला नियम, तारीख, वार आणि वेळ आधी लिहायची. जमल्यास तिथीही. पण नुसती तिथी नको. का ते पाहा. २०२४ साली होळी २४ मार्चला आली आणि २०२५ साली १३ मार्चला. तिथी दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकते आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना आला की पुन्हा पुढे जाते. 'होळीला पांगारा फुलला होता' एवढेच लिहिले तर दोन वर्षांची तुलना करताना घोटाळा होईल.

दुसरा नियम, पाहिले तेच लिहायचे. 'आज निसर्ग खूप सुंदर दिसत होता' हे वाक्य वहीत चालणार नाही. ते कुठल्याही दिवशी, कुठल्याही गावी लिहिता येते. त्यापेक्षा असे लिहा : 'सकाळी ७ वाजता गवतावर दव होते. बोट फिरवले तर ओले झाले. ८ वाजता धुके गेले. कलमाखाली ११ बारीक कैऱ्या पडलेल्या. सगळ्यात मोठी वाटाण्याएवढी. दुपारी वारा बंद.' पाहा, सहाच वाक्ये, पण तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. मोजता येईल ते मोजा, मापता येईल ते थोरोसारखे काठीने मापा.

तिसरा नियम, नाव माहीत नसेल तर अडून बसू नका. 'नाव माहीत नाही, पान तळहाताएवढे, फूल जांभळे, वास नाही' असे लिहा आणि शेजारी चित्र काढा. चित्र वेडेवाकडे असले तरी चालेल. नाव मागाहून आजोबा सांगतील, गुराखीदादा सांगेल, नाहीतर पुस्तक सांगेल.

चौथा नियम, एक झाड आपले मानायचे आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी, त्याला भेटायचे. पालवी, कळ्या, फुले, फळे, पानगळ, यांतले आज काय आहे? 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात देशातल्या अनेक शाळांमधली मुले असेच एकेक झाड नेमाने पाहतात आणि नोंदी पाठवतात. त्या नोंदींचा शास्त्रज्ञांना उपयोग होतो. म्हणजे हे काम नुसता खेळ नाही बरं का!

आणि माणसांच्या नोंदीही विसरू नका. शिमग्याची पालखी कोणत्या दिवशी घरी आली, संकासुर पाहून धाकटा भाऊ कसा घाबरला, आईने पन्ह्याची पहिली कैरी केव्हा उकडली, पंखा पहिल्यांदा कधी लावला, हेही ऋतूच सांगतात.

आई-बाबांशी दोन शब्द

पालकहो, ही वही मार्कांसाठी नाही. तिला लाल शाईचा हात लावू नका, शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. हवे तर तुमच्याही चार ओळी लिहा. 'आमच्या लहानपणी होळीपर्यंत पांघरूण लागायचं' असे आपण सहज म्हणतो, पण त्याची तारीख आपल्यापैकी फार थोड्यांजवळ आहे. ती मुलांजवळ असू दे. दहा वर्षांनी 'पूर्वी असं नव्हतं' म्हणताना ती वही उघडून दाखवू शकतील.

आणि वही जपून ठेवा. लिहिलेले किती सहज जाते, ते चिपळूणकरांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या महापुरात १८६४ साली स्थापन झालेल्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तके भिजली. घराघरांतले फोटो, दाखले, शाळेच्या वह्या चिखलात गेल्या. कित्येक कुटुंबांनी आठवणी उन्हात वाळत घातल्या होत्या. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ही वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा, किंवा पानांचे फोटो काढून लांबच्या नातेवाइकांकडे पाठवा. मुंबईच्या मावशीलाही कळू दे, गावात मोहोर केव्हा आला ते!

मग मुलांनो, कधी सुरुवात करायची? चांगला मुहूर्त शोधू नका. उद्या सकाळी उठलात की दार उघडा, आधी वर आभाळाकडे पाहा, मग खाली गवताला हात लावा. ओले आहे की कोरडे? तेवढेच लिहा. पहिले पान झाले!